पुलाशी आलं की बंद पडतं

४ फेब्रुवारी, मंगळवार

मशीन आज पुन्हा बंद पडलं. आगगाडी पुलाजवळ आली आणि खटकन सगळं काळं. पंखे थांबले, दिवा गेला. कुणीतरी मागून वायर उपटावी तसं.

फोनवर वन्सं होत्या. म्हणाल्या, "काय गं, मला एकदम बाहेर फेकलं. गाडी पडली का नदीत?"

"नदीत नाही. मशीनच गेलं."

"परत?"

"परत."

"तुझा हात लागला असेल कुठंतरी."

हात लागला नव्हता.

हे सगळं लिहून ठेवायचं ठरवलं आहे. आमच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत साधा नळाचा नमुना आला तरी आधी नोंद होते, मग काम. आणि हल्ली माझ्या डोक्यात काही राहत नाही.

तर, हा कॉम्प्युटर ह्यांनी सुटे भाग आणून स्वतः जुळवलेला आहे. पुस्तकबांधणीच्या कारखान्यातून घरी आले की हे आणि वन्सं, म्हणजे ह्यांची थोरली बहीण, मिळून एक खेळ खेळत. एक बेट आहे. त्यावर दोघांनी रूळ टाकलेत, स्टेशनं बांधलीत. बेट आमच्या मशीनवर आहे आणि वन्सं त्यांच्या गावाहून, त्यांच्या लॅपटॉपवरून त्यात येतात. आमचं मशीन चालू असेल तरच त्यांना बेटावर येता येतं. साठी उलटलेली दोन माणसं रोज संध्याकाळी सिग्नलवरून भांडायची आणि मी स्वयंपाकघरातून ऐकायची. मी स्वतः कधी खेळले नाही.

शेवटी ह्यांनी एक लांब पूल बांधायला घेतला. एका शुक्रवारी तो पुरा झाला. रविवारी गाडी पलीकडे न्यायची असं दोघांचं ठरलं होतं. शनिवारी हे गेले.

गेल्या महिन्यात वन्संचा फोन आला. त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याला काहीतरी झालं आहे. डॉक्टर म्हणतात, समोरचं, मधलं दिसणं हळूहळू जाईल, कडेचं तेवढं राहील. वन्सं म्हणाल्या, "दिसतंय तोवर मला तो पूल ओलांडायचाय. बारक्याने बांधलाय. तू मशीन लाव." बारक्या म्हणजे हे. उंचीने दाराच्या चौकटीला टेकायचे.

म्हणून लावते. माझं स्वतःचं त्यात काही नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा आमच्या कामाचा नियम. दोन बदलल्या तर गुण कशाचा आणि दोष कशाचा ते कळत नाही. आज मधला यूपीएस आणि एक्स्टेन्शन बोर्ड काढून मशीन थेट भिंतीच्या सॉकेटला लावलं. बाकी सगळं तसंच.

वन्संनी गाडी मला चालवायला लावली. ह्यांच्या वेळी इंजिन त्याच चालवत आणि हे मागच्या डब्यात बसून सूचना करत. आता म्हणतात, "मी गार्ड. इंजिनातून निवृत्त झाले." मला ब्रेक कुठला तेही माहीत नव्हतं. पहिल्याच स्टेशनात गाडी फलाट सोडून बरीच पुढे जाऊन थांबली.

"उतारू पळत येतायत बघ मागून," वन्सं म्हणाल्या. "एक तर छत्री उगारून."

खेळात उतारू नसतात. तरी मी मागे वळून बघितलं.

वाटेत सारखं विचारत होत्या. सिग्नल कसला आहे? वळण किती लांब आहे? मी म्हटलं, "हिरवा. तुमच्या समोरच तर आहे."

"विचारलं की सांगावं. इंजिन चालवणाऱ्याने तोंड चालू ठेवायचं असतं."

आळशी झाल्या आहेत. पूर्वी ह्यांना एक सिग्नल चुकू द्यायच्या नाहीत.

पुलापाशी मशीन बंद. म्हणजे यूपीएसचा दोष नाही, बोर्डाचाही नाही.

एक नवीन गोष्ट लक्षात आली. असं बंद पडल्यावर समोरचं बटण कितीही दाबा, काही होत नाही. भिंतीवरचं बटण बंद करून, जरा थांबून परत चालू केलं की मगच जागं होतं. आणि एरवी मी त्यावर घरी आणलेले ऑफिसचे अहवाल तासन्तास टाइप करते, तेव्हा कधी बंद पडत नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

लेकीचा फोन. ती दुसऱ्या शहरात नोकरीला असते. म्हणाली, "आई, आत धूळ साचली असेल. उघडून बघ."

उघडायला नको वाटत होतं. ह्यांना जाऊन पाच महिने झाले, मशीनच्या आत मी अजून डोकावलेही नव्हते. पण सुट्टी घेतलीच होती, तर उघडलं.

धूळ होतीच. पण ती नंतर दिसली. आधी दोरा दिसला. आतल्या सगळ्या केबल ह्यांनी शिवलेल्या आहेत. पुस्तकाच्या शिलाईचा मेण लावलेला हिरवा दोरा घेऊन, केबल एकमेकींना आणि मागच्या पत्र्याच्या भोकांना, सारख्या अंतरावर गाठी मारत नेल्या आहेत. एकही वायर लोंबत नाही. कॅबिनेटचा दरवाजा बंद झाला की हे कुणालाही दिसणार नव्हतं. तरी केलं.

मी मऊ ब्रशने फक्त पंखे आणि जाळ्या साफ केल्या. दोऱ्याला हात लावला नाही. धुळीने शिंका आल्या म्हणून खिडकी उघडली. समोरच्या इमारतीतली बाई कुंड्यांना पाणी घालत होती, तिने हात केला. मीही केला.

१६ फेब्रुवारी, रविवार

साफसफाईनंतर पहिला प्रयोग. उष्णता दाखवणारी एक छोटी खिडकी लेकीने फोनवरून सांगून पडद्याच्या कोपऱ्यात लावून दिली आहे. आकडे चांगले होते. तापत नाही. आणि तरीही पुलाशी आलो आणि बंद.

"उष्णतेचा प्रश्न मिटला," मी म्हटलं.

"मिटला कसला, गाडी अलीकडेच आहे."

"म्हणजे ते कारण नाही, हे कळलं."

"तू अगदी त्याच्यासारखी बोलायला लागलीस. डबा आपटला की म्हणायचा, चला, इथं उतार आहे हे कळलं."

दुपारी पुन्हा लावलं. या वेळी चित्राचा दर्जा अगदी खाली आणला. झाडांची पानं गेली, सावल्या गेल्या, नदीचं पाणी राखाडी पत्र्यासारखं झालं. आणि गाडी पुलापर्यंत नीट गेली! मशीन चालू. पुलावर पहिलं चाक चढणार, एवढ्यात वन्संनी विचारलं, "पाणी कसं दिसतंय?"

मी खरं ते सांगितलं. "पत्र्यासारखं."

"मग थांबव गाडी."

"अहो, चालतंय तर जाऊ या ना. एवढे दिवस खटपट करतोय."

"पत्र्यावरून जायला एवढा पूल कशाला बांधला असता त्याने? पाणी पाण्यासारखं दिसेल तेव्हा जाऊ."

मला हे कळलं नाही. माझ्याकडे चित्र कमी केलं तर फक्त माझ्या पडद्यावर कमी होतं. वन्संच्या लॅपटॉपवर त्यांना त्यांचं पाणी आहे तसंच दिसतं. मी तसं म्हटलंसुद्धा. तर म्हणाल्या, "माझं मी बघीन. तुझं पाणी ठीक कर." पहिल्यापासून हट्टी.

पण एक गोष्ट हाती लागली. काम कमी दिलं की मशीन टिकतं. काम वाढलं, म्हणजे पुलाजवळचं ते चकाकणारं पाणी, खांब, त्यांची पाण्यातली प्रतिबिंबं सगळं एकदम काढायची वेळ आली, की जातं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

ऑफिसखालच्या गल्लीतला कॉम्प्युटर दुरुस्तीवाला घरी येऊन गेला. चाळिशीचा, बोलका. आल्या आल्या म्हणाला, "काकू, काही नाही, विंडोज नव्याने टाकू. एकदम चकाचक."

"बेट जाईल का?"

"कसलं बेट?"

दाखवलं. तो बराच वेळ स्टेशनं बघत बसला. "हे काकांनी केलं? सिग्नल पण चालतात?" मग स्वतःच म्हणाला, "नाही, याला हात लावायचा नाही," आणि सगळ्यात आधी बेटाची एक प्रत पेनड्राइव्हवर घेऊन दिली.

नंतर म्हणाला ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावरचं चित्र काढणारा भाग, गेलं असणार. माझा विश्वास बसेना. कार्ड गेलं असतं तर चित्र फाटलं असतं, रेघा आल्या असत्या. मी त्याला बंद पडल्यानंतरच्या बटणाचं सांगितलं. भिंतीवरून बंद करून चालू केल्याशिवाय उठत नाही ते.

त्याने हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

हसला. म्हणाला, मग तो पॉवर सप्लाय. भिंतीतली वीज घेऊन सगळ्या भागांना वाटून देणारा तो खालचा डबा. कार्डाने एकदम मोठा घास मागितला की याला आता झेपत नाही, म्हणून तो स्वतःला वाचवायला सगळंच बंद करतो. वय झालं की होतं. "रागावून बसल्यासारखं असतं काकू. मेन स्विच बंद-चालू केला की राग जातो."

खात्री करायला तो एक दिवस दुकानातला चांगला सप्लाय घेऊन येणार आहे.

२३ फेब्रुवारी, रविवार

आज वन्संनी खेळायला नको म्हटलं. डोकं दुखत होतं. नुसत्याच फोनवर बोलत राहिल्या. मी खिडकीत बसून बोलले.

संध्याकाळी लेकीचा फोन. "आई, सरळ नवीन मशीन घे. बेट पेनड्राइव्हवर आहे ना, त्यात टाकू. दोन दिवसांचं काम."

मी नाही म्हटलं.

"अगं, बाबांनी सहा वर्षांपूर्वी जुळवलं होतं. तेव्हाच जुने भाग होते त्यात."

"सगळं नीट चालतंय. एक डबा फक्त कमजोर झालाय."

मग म्हणाली, "आत्याकडे वेळ कमी आहे गं. परवा तिने मला फोन लावला आणि लागला शेजारच्यांना. मला आधीच सांगत होती की…" आणि पुढे नुसतंच "जाऊ दे" म्हणाली.

शेजारच्यांना फोन लागणं हे वन्संच्या बाबतीत नवीन नाही. त्यांचा चष्मा कायम फ्रिजवर असतो.

१ मार्च, शनिवार

दुरुस्तीवाला सप्लाय घेऊन आला. नवा डबा कॅबिनेटच्या बाहेर स्टुलावर ठेवला आणि त्याच्या स्वतःच्या केबल आत नेऊन जोडल्या. ह्यांच्या शिवलेल्या केबल तशाच राहिल्या, फक्त त्यांची टोकं काढून बाजूला केली. शस्त्रक्रियेच्या टेबलासारखं दिसत होतं.

वन्संची आज डोळ्यात इंजेक्शन घ्यायची वेळ होती, म्हणून त्या नव्हत्या. मी एकटीने गाडी काढली. चित्राचा दर्जा पूर्ण वर. पुलापाशी आले आणि ब्रेक लावला. वन्संशिवाय पलीकडे जाणं बरं दिसलं नसतं. पण जिथं हमखास बंद पडतं, नेमकी तिथंच गाडी उभी केली.

चालू राहिलं. चहा झाला. दुरुस्तीवाल्याने आपल्या मेहुण्याची सगळी हकीकत सांगितली, त्यात मेहुण्याने दोनदा धंदा बदलला, तरी मशीन चालू. पाणी हलत होतं. पुलाच्या कमानी पाण्यात उलट्या दिसत होत्या. ह्यांनी कमानी एकसारख्या घेतल्या नाहीत, मधली मोठी आणि कडेच्या लहान होत गेलेल्या. हे मी पूर्वी बघितलं नव्हतं. खरं म्हणजे मी पूर्वी काहीच बघितलं नव्हतं.

"काकू, बघून झालं का? बंद करू?"

त्याला दोनदा विचारावं लागलं म्हणे.

तर दोष सापडला. तो जाताना म्हणाला, नवीन सप्लाय मागवतो, कॅबिनेट दुकानात द्या, बसवून देतो. मी म्हटलं, फक्त डबा आणून द्या. मी बसवीन.

५ मार्च, बुधवार

आज ऑफिसात जेवणाचा डबा खायला सगळ्यांबरोबर बसले. मशीनची गोष्ट निघाली. नमुने गोळा करणारे आमचे दोघे म्हणाले, पूल ओलांडला की सांगा. आता यांनाही सांगावं लागणार.

वन्संना इंजेक्शनचं विचारलं. "झकास. डॉक्टर देखणा आहे."

"दिसला का नीट?"

"आवाजावरून कळतं."

८ मार्च, शनिवार

सप्लाय आला. उद्या वन्सं येणार म्हणून आजच बसवायला घेतला.

माझा बेत असा. डबा बदलायचा, केबल ह्यांच्याच ठेवायच्या. केबल डब्याला कायमच्या जोडलेल्या नसतात, टोकांना प्लग असतात, ते डब्याच्या मागच्या खाचांत बसतात. जुना डबा काढायचा, नवा त्या जागी सरकवायचा आणि तेच प्लग लावायचे. म्हणजे दोरा जिथल्या तिथे राहील. एका वेळी एकच गोष्ट बदलायची या नियमातही ते बसत होतं.

आणि प्लग बसले. अगदी खटकन, सहज. मला इतकं बरं वाटलं की लगेच वन्संना फोन केला. फोन स्पीकरवर टाकून शेवटचे स्क्रू आवळत होते.

"कसं दिसतंय?" त्यांनी विचारलं.

"छान. होतं तसंच."

"तसंच म्हणजे कसं? नीट सांग. मी काय तिथं आहे?"

त्यांच्या या सवयीचा मला आता राग येत नाही. मी सांगायला लागले. नवा डबा काळा आहे, जुना करडा होता. मागे खाचांच्या ओळी आहेत. डिस्कला जाणारी ही केबल. हिच्या प्लगला सहा भोकं, वायर पाचच, वरच्या डाव्या कोपऱ्यातलं भोक रिकामं.

"आणि नव्या डब्याबरोबर आलेल्या केबल? त्यांचं काय करणार?"

"त्या खोक्यातच ठेवते. लागणार नाहीत."

"त्या कशा आहेत?"

उगाच काहीतरी विचारतात, असं वाटलं. तरी खोक्यातून तशीच केबल काढली. सहा भोकं, पाच वायर. रिकामं भोक खाली, उजव्या कोपऱ्यात.

हे मी बोलून गेले आणि थांबले. पुन्हा बघितलं. दोन्ही प्लग शेजारी धरले. आकार एकच. आतला क्रम वेगळा.

"काय झालं?" वन्सं म्हणाल्या. "एकदम गप्प झालीस."

"थांबा जरा." भिंतीचं बटण बंदच होतं, ते पुन्हा तपासलं. मग दुसऱ्या फोनवरून दुरुस्तीवाल्याला विचारलं.

"चालू केलंत का?" तो जवळजवळ ओरडला.

"नाही."

"करू नका! जुनी केबल नव्या डब्याला कधीच लावायची नाही काकू. प्लग बसतो, पण प्रत्येक कंपनीचा आतला क्रम वेगळा. जिथं पाच व्होल्ट जायचे तिथं बारा गेले असते. डिस्क जळाली असती, कार्डाचंही काही खरं नव्हतं. माझी चूक, मला सांगायला हवं होतं. पण केबल खोक्यात असताना जुन्या कोण ठेवतं?"

मी ठेवते. हे त्याला सांगितलं नाही.

वन्संना सांगितलं. जुन्या केबल काढाव्याच लागतील. आणि त्या शिवलेल्या आहेत. नुसत्या ओढून निघणार नाहीत. दोरा कापावा लागेल.

"मग काप."

"ह्यांनी किती निगुतीने शिवलंय ते तुम्ही बघितलं नाही वन्सं."

त्या म्हणाल्या, "अगं, तो आयुष्यभर काय करत होता? जुनी पुस्तकं यायची त्याच्याकडे. आधी उसवायचा ना? आधीच्या माणसाने कितीही छान शिवलेलं असो. मी एकदा विचारलं होतं, हळहळ नाही वाटत का रे? तर म्हणाला, ताई, शिलाई पानांसाठी असते."

मला हे ह्यांनी कधी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल, मी कामात असेन.

तरी आज कापलं नाही. कॅबिनेट उघडंच ठेवून बाहेर आले.

९ मार्च, रविवार

सकाळी कापलं.

ह्यांचीच छोटी कात्री घेतली. वरून सुरुवात केली आणि पहिल्या गाठीपाशीच रडू आलं. इथं लिहिते, बाकी कुणाला सांगणार नाही. मग डोळे पुसून पुढची कापली, कारण रडताना कात्री चालवली तर वायर कापली जाईल. नंतर नंतर हाताला लय आली. ह्यांनी प्रत्येक गाठ उजवीकडून मारली आहे, त्यामुळे कात्री कुठून घालायची ते कळत गेलं.

सगळ्या जुन्या केबल बाहेर काढल्यावर कॅबिनेट एकदम मोठं दिसायला लागलं.

नवीन केबल मी प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधल्या. वाकड्यातिकड्या झाल्या आहेत. एक लोंबते. प्रत्येक प्लग लावताना मोठ्याने म्हटलं, हा कुठून निघाला आणि कुठं गेला. वन्सं फोनवर "हूं" म्हणत होत्या. शेवटी त्यांनीच विचारलं, "आता चालू करतेस की आरती ओवाळू?"

चालू केलं. पंखे फिरले.

मग बेटावर गेलो. मी इंजिनात, वन्सं मागे गार्डाच्या डब्यात. चित्र पूर्ण. बोगदा झाला, चढ झाला, सिग्नल हिरवा. मी न विचारता सांगत होते, आता सवय झाली आहे. पूल दिसायला लागला. जिथं बंद पडायचं ती जागा आली. आली आणि मागे गेली. चाकांचा आवाज बदलला, पोकळ झाला. आम्ही पुलावर होतो.

"वन्सं, आलो! बघा ना, तुमच्या उजव्या हाताला बघा, पाणी कसलं सुंदर…"

"माझ्या उजव्या हाताला काय आहे ते तू सांग," वन्सं म्हणाल्या. अगदी शांतपणे.

मी गाडी हळू केली. डाव्या बाजूला, पडद्याच्या कोपऱ्यात त्यांचा डबा दिसतो. त्यातली त्यांची खेळातली बाहुली भलतीकडेच, डब्याच्या भिंतीकडे तोंड करून उभी होती. बहुतेक निघाल्यापासून तशीच.

कधीपासून, हे विचारलं नाही. सांगायला लागले. पाणी हिरवं आहे, कडेला जास्त गडद. ऊन मागून येतंय म्हणून गाडीची सावली पुढे पडली आहे, पाण्यावरून आपल्या पुढे पळते आहे. कमानी लहान आहेत, आता मोठ्या होतायत. ही सगळ्यात मोठी. हिच्यावर ह्यांनी दोन दिवे लावलेत.

"दिवे?" वन्सं म्हणाल्या. "लबाड. मला बोलला नाही."

"दोन आहेत. पिवळे. दिवसासुद्धा चालू."

"वीज फुकट घालवायची पहिल्यापासून सवय."

मग गाडी पलीकडे उतरली. रूळ अजून थोडे पुढे जातात आणि संपतात. मी ब्रेक लावला. या वेळी नीट लागला.

"काय आहे इथं?"

"काही नाही. गवत. लांब एक टेकडी आहे. स्टेशन नाही, काही बांधलेलं नाही."

"मग बांधायला लागेल," वन्सं म्हणाल्या. "फलाट आधी. रुळाला लागून, टेकडीकडे तोंड करून. फळ्या कशा घ्यायच्या ते मी सांगते. तू फक्त बघ आणि मला सांगत राहा."

"मला येत नाही बांधता."

"मला येतं की."

इंजिनातून खाली उतरले. माउसने पहिली फळी उचलायला बराच वेळ लागला, भलत्याच गोष्टी उचलल्या जात होत्या. शेवटी ठेवली.

"सरळ आली का?"

बघितलं. "नाही. टेकडीकडून तिरकी आहे."

"मग काढ आणि परत ठेव."

काढली आणि परत ठेवली.